मोहन्याचे भावोजी

कॉलेजचा फॉर्म भरताना मोहन्यातल्या एखाद्या बापाला पोरीची जन्मतारीख आठवेनाशी झाली, तर तो बायकोला विचारत नाही; भावोजींना विचारतो. बायकोला विचारण्यात काय धोका आहे ते संसारी माणसांना सांगायला नको. भावोजी डोळे अर्धवट मिटतात, ओठांतल्या ओठांत पुटपुटतात आणि सांगतात, "तुझी धाकटी झाली त्या दिवशी एनटीपीसी बाजारात आला. बासष्टला दिला होता, पंचाहत्तरपर्यंत गेला. म्हणजे ५ नोव्हेंबर २००४. शुक्रवार होता." तारीख बरोबर निघते. बाप फॉर्म भरतो. भावोजी मात्र अजून तिथेच असतात, २००४ मध्ये. "बासष्टला होता रे," ते पुन्हा म्हणतात, "तेव्हा शंभर घेऊन ठेवले असते तर..."

व्याकरणात ज्याला संकेतार्थ म्हणतात, त्या अर्थात भावोजींची काही कोटींची मालमत्ता आहे. वर्तमानकाळात चाळीतल्या दोन खोल्या आणि पेन्शन.

भाव सांगतात म्हणून भावोजी. हे नाव कुणी पाडलं यावर मोहन्याच्या नाक्यावर तीन मतं आहेत आणि तिन्ही मतांचे धनी स्वतःच त्याचे जनक असल्याचं सांगतात. परिणाम मात्र असा झाला, की ते सगळ्यांचे भावोजी म्हणून त्यांची बायको आपोआप सगळ्या वस्तीची ताई झाली. भाजीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळे तिला ताई म्हणतात. तिला यात गैर वाटत नाही. तिचं म्हणणं एवढंच, की एवढे भाऊ मिळाले पण भाऊबीजेला कुणी फिरकत नाही.

भावोजी एनआरसीत टाइम ऑफिसात होते. एनआरसी म्हणजे नॅशनल रेयॉन. आंबिवली स्टेशनवर उतरणारा माणूस एकेकाळी मोहन्याला जायचाच नाही, तो 'एनआरसीत' जायचा. भोंग्यावर गाव उठायचं, भोंग्यावर जेवायचं. भोंग्यानंतर गेटात शिरणाऱ्यांची नोंद करण्यात भावोजींची उमेद गेली. २००९ मध्ये कंपनी बंद झाली, कामगारांची देणी वर्षानुवर्षं लटकली, आणि हजेरी मांडणाऱ्या माणसाला हजेरी मांडायला कुणी उरलं नाही. दुसरा एखादा हरिनामाला लागला असता. भावोजींनी शेअर बाजाराची हजेरी घ्यायला सुरुवात केली. नाद आधीपासून होता. आता पूर्णवेळ झाला.

त्यातही फक्त वीज आणि इंधनवाल्या कंपन्या. बँका नाहीत, औषधं नाहीत. कारण विचारलं तर सांगतात, की वडील ठाकुर्लीच्या चोळे पॉवर हाऊसात होते, जिथून रेल्वेला वीज जायची. ते ऐंशीच्या दशकात बंद पडलं. "बाप विजेतला, मी धाग्यातला. दोन्ही धुराडी थंड झाली. मग म्हटलं, कुठलं धुराडं चालू आहे ते तरी बघत बसू." यापेक्षा वाईट कारणांनी लोकांनी गुंतवणूक केलेली मी पाहिली आहे. भावोजींनी तर गुंतवणूकही केली नाही. एका वेळेचा अपवाद, त्याच्यावर पुढे येतो.

त्यांच्या वह्या बघायला मिळणं हा मान आहे आणि तो मला एका पावसाळी रविवारी मिळाला. रविवार आणि सोमवार हे भावोजींचे सुतकाचे दिवस, कारण शनिवार-रविवार बाजार बंद आणि त्यामुळे पेपरात भावांचं पान नाही. असा माणूस मग पाहुण्यांना वह्या दाखवतो. कॉटखालच्या पत्र्याच्या पेटीतून त्यांनी लांबट, कापडी पाठीची रजिस्टरं काढली. हजेरीपटाचीच कोरी रजिस्टरं, रद्दीवाल्याकडून किलोवर घेतलेली. प्रत्येक पानावर वर्तमानपत्रातलं भावांचं कात्रण, मुंगीच्या अक्षरातलं, डिंकाने चिकटवलेलं. डिंक जुना होऊन कडा तपकिरी पडलेल्या. शेजारी त्यांच्या टाइम ऑफिसी हस्ताक्षरात रकाने: तारीख, उघडला, वर, खाली, बंद. आणि भाव चढला असेल तर 'ह', म्हणजे हजर. पडला असेल तर 'गै'. सुट्टीला 'र', रजा. जिथल्या तिथे राहिला तर 'अर्धा दिवस'.

२४ फेब्रुवारी २०२१ च्या पानावर लाल शाईत 'ओव्हरटाइम' असं लिहिलेलं होतं. त्या दिवशी राष्ट्रीय शेअर बाजाराची यंत्रणा दुपार व्हायच्या आधीच बसली आणि नंतर वेळ वाढवून बाजार पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. दिवाळीच्या मुहूर्ताच्या सौद्यांपुढे 'ओव्हरटाइम, दुप्पट' अशी नोंद होती. मी हसलो. ते हसले नाहीत. "नियम आहे," म्हणाले.

सहावा रकाना 'कारण' असा. हा रकाना ज्याने वाचला त्याला अर्थशास्त्राची पदवी कशाला हवी? 'पाऊस.' 'अमेरिका.' 'पाऊस नाही.' 'अर्थमंत्री बोलले.' 'अर्थमंत्री बोलले नाहीत.' एका पानावर 'ताई माहेरी' असंही दिसलं. ते शेअर पडण्याचं कारण की नोंद चुकण्याचं, ते विचारायचं धाडस झालं नाही. पण सगळ्यात जास्त वेळा आलेली नोंद 'समजले नाही' ही होती, आणि टीव्हीवर टाय लावून बसणाऱ्या विद्वानांपैकी एकानेही इतक्या वर्षांत ती एकदासुद्धा केलेली नाही.

टाटा पॉवरच्या पानांवर मात्र मैलच्या मैल एकच कारण: 'इंडोनेशिया.' खाली वरच्याची खूण, वरच्याची खूण. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, पेपरात आलं होतं. पुढे त्यांना ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची ओढही नव्हती. वास्तविक त्या एका शब्दात दहा वर्षांचा जमाखर्च आहे. टाटांनी गुजरातेत मुंद्र्याला चार हजार मेगावॉटचं केंद्र बांधलं, युनिटला सव्वादोन रुपयांच्या आसपास दराचा पक्का करार केला, आणि कोळसा इंडोनेशियातून स्वस्तात येईल असा हिशेब धरला. २०१० मध्ये इंडोनेशियाने नियम काढला, की कोळसा बाजारभावानेच विकायचा. वीज बांधील दराने, कोळसा मोकळ्या दराने. दर वाढवून मागायचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१७ मध्ये तिथेही फार काही हाती लागलं नाही. एवढी वर्षं तो शेअर शंभराच्या आतबाहेर घुटमळत राहिला. भावोजींनी त्याचा एकेक दिवस टिपला: कधी आला, कधी गेला, किती वाजता गेला. माणूस का येत नाही हे विचारायचं काम टाइम ऑफिसचं नसतं. ते लेबर ऑफिसरचं.

भांडणाला तोंड फुटलं ते भाच्यामुळे. भाचा डोंबिवलीला राहतो, आयटीत आहे, मामांवर त्याचा जीव आहे. त्याने एकदा प्रेमाने मामांच्या मोबाईलवर शेअरचं अ‍ॅप घालून दिलं आणि म्हणाला, "मामा, आता कात्रणं बंद. वीस वर्षांचा आलेख एका बोटात." भावोजींनी एका बोटाने टाटा पॉवर उघडला, २०११ च्या ऑगस्टपर्यंत मागे गेले, आणि त्यांचा चेहरा हिशेबात चोरी सापडल्यासारखा झाला.

"इथे शंभर-एकशेदहा दाखवतायत."

"मग?"

"माझ्याकडे हजाराच्या वर आहे." लगेच रजिस्टर आलं. कात्रण आलं. हजाराच्या वरचा आकडा छापील होता, नाकारायची सोय नव्हती.

भाच्याने समजावलं, की सप्टेंबर २०११ मध्ये टाटा पॉवरने दहा रुपयांच्या दर्शनी किमतीच्या एका शेअरचे एक रुपयाचे दहा शेअर केले. भाव एका रात्रीत दशांश झाला, पण ज्याच्याकडे एक होता त्याच्याकडे दहा झाले. घाटा नाही, नफा नाही. मग जुना आलेख तसाच ठेवला तर बघणाऱ्याला वाटेल, की शेअर एका दिवसात नव्वद टक्के कोसळला. म्हणून अ‍ॅपवाले मागचे सगळे भाव दहाने भागून दाखवतात. बोनस दिला तरी असंच मागे जाऊन जुळवून घेतात.

भावोजींनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे जो सौदा हजाराला झाला, तो आता शंभराला झाला म्हणायचं?"

"तसं समजायचं."

"उद्या कंपनीने पुन्हा तुकडे केले तर?"

"तर परत भागायचं."

"म्हणजे इतिहास दर वेळी नवीन." त्यांनी मोबाईल टेबलावर पालथा घातला. "आमच्या टाइम ऑफिसात मागच्या तारखेची हजेरी खोडली तर सस्पेंड करायचे."

मला इथे भावोजींची बाजू घ्यावीशी वाटते, निदान अर्धी. बाजार सुटल्यावर शेअर बाजार जी रोजची यादी काढतो, तिचं अधिकृत नावच 'भावकॉपी' आहे, इंग्रजी कारभारातसुद्धा. त्या भावकॉपीत त्या दिवशीचा भाव होता तसा असतो. पुढे कंपनी दहा तुकडे करो की शंभर, जुनी भावकॉपी हलत नाही. भावोजींची रजिस्टरं म्हणजे डिंकाने चिकटवलेल्या भावकॉप्या. त्या काडीइतक्याही खोट्या नाहीत. फक्त दोन तारखांची तुलना करायला त्या उपयोगाच्या नाहीत, आणि भावोजींना तर आयुष्यात तेवढंच करायचं होतं.

या वादावर कळस चढला २०२५ च्या सप्टेंबरात. अदानी पॉवरने एकाचे पाच केले. आदल्या शुक्रवारी सातशेच्या घरात असलेला शेअर सोमवारी दीडशे-पावणेदोनशेत दिसू लागला आणि काही अ‍ॅपवर सकाळी सकाळी तो ऐंशी टक्के पडल्याचं झळकलं. मोहन्यात या नावाकडे तसंही लक्ष असतं, कारण एनआरसीची जमीन पुढे अदानी समूहाकडेच गेली. नाक्यावर एकाने आनंदाने पेढे मागवायचं ठरवलं, दुसऱ्याने घाबरून मुलाला फोन लावला. भावोजी मात्र वेगळ्याच दुःखात होते. अदानी पॉवर पहिल्यांदा विक्रीला आला २००९ च्या जुलैअखेरीस, शंभर रुपयांना. त्याच साली आमचा भोंगा थांबला. त्या शंभर रुपयांचं न घेणं भावोजींनी सोळा वर्षं जपलं होतं. ते त्यांचं सगळ्यात मोठं, सगळ्यात सुबक असं न घेणं. आणि आता भाचा मोबाईल पुढे करून सांगत होता, की जुळवलेल्या हिशेबाने तो भाव वीस.

"मी शंभराला घेतला नव्हता," भावोजी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "वीसला न घ्यायला मी काय मूर्ख आहे?"

भाच्याने टक्केवारी काढून दाखवली: शंभरावरून जेवढे पट, तेवढेच विसावरून पट. चुकलेली संधी तेवढीच राहते, मामा. पण ज्याने शंभराचं दुःख केलं त्याला विसाचं दुःख परवडत नाही, हे टक्केवारीला कळत नाही.

आता तो अपवाद. जानेवारी २००८. रिलायन्स पॉवरचे फॉर्म कल्याण स्टेशनबाहेर ढिगाने मिळत होते, आणि ज्याने जन्मात पोस्टाच्या पुढे पाहिलं नव्हतं तोही पॅन नंबर शोधत फिरत होता. विक्री खुली झाली आणि मिनिटभरात भरलीसुद्धा. शेवटी सत्तर पटींहून अधिक मागणी आली. कंपनीची बहुतेक वीज केंद्रं तेव्हा कागदावरच होती. भावोजींनी अर्ज केला. पंधरा शेअर लागले, किरकोळ गुंतवणूकदाराच्या सवलतीच्या भावाने, चारशे तीसला. सहा हजार चारशे पन्नास रुपये. ११ फेब्रुवारीला शेअर बाजारात आला, वर उघडला आणि संध्याकाळी मुंबई शेअर बाजारात तीनशे बहात्तर रुपये पन्नास पैशांवर बंद झाला. रजिस्टरात 'गै'. कारण: 'समजले नाही.'

कंपनीने बाहेरच्या भागधारकांचं दुःख हलकं करायला पाचाला तीन असा बोनस दिला. पंधराचे चोवीस झाले. चारशे तीसची खरेदी हिशेबाने दोनशे अडुसष्ट रुपये पंचाहत्तर पैशांवर आली. आणि इथे गंमत बघा. जुळवलेल्या भावाला जन्मभर विरोध करणारे भावोजी स्वतःच्या खरेदीबाबत मात्र कधी चारशे तीस म्हणत नाहीत. "मला दोनशे अडुसष्ट पंचाहत्तरला पडलाय," असंच सांगतात, पैशांसकट. भाच्याने एकदा हे त्यांच्या नजरेला आणून दिलं. तेव्हा ते म्हणाले, की घरातल्या माणसाची हजेरी जरा सांभाळून घ्यावी लागते.

२०२० च्या मार्चमध्ये तो शेअर सव्वा रुपयाच्या आसपास गेला. चोवीस शेअरांचे मिळून तीस रुपये. तेव्हाच्या भावाने दोन वडापाव. पुढे तो चाळीस-पन्नासच्या वर गेला तेव्हा भाचा म्हणाला, विकून टाका. भावोजींना तो दोनशे अडुसष्ट पंचाहत्तरला यायला हवाय. त्याच्या आत विकणं म्हणजे त्यांच्या लेखी अर्ध्या पगारावर राजीनामा.

एखादा मुलगा पहिल्या पगाराचे पैसे घेऊन सल्ला विचारायला आला, की भावोजींचा कस लागतो. मुलगा विचारतो पुढचं. भावोजी उत्तर देतात मागचं. "काका, सुझलॉन घेऊ का?" "२००८ च्या जानेवारीत, मोबाईलच्या हिशेबाने, चारशे साठ होता." "हो, पण आता?" "२०२० मध्ये दोन रुपयांच्या खाली होता." मुलगा या दोन आकड्यांमध्ये लोंबकळत राहतो. एक जण असाच लोंबकळून शेवटी धाडस करून साठला घेऊन आला, कारण चारशे साठावरून साठ म्हणजे स्वस्तच. तो परत चारशे साठला जाईल ही त्याची खात्री अशी होती, की जणू शेअर गावाला गेलाय आणि सुट्टी संपली की घरी परतेल.

पाटीलकाकांनी (हे एनआरसीच्या अकाउंट्समधले, पाटील मोहन्यात इतके आहेत, की नावाने कुणी ओळखू येणार नाही) त्याला बसवून घेतलं आणि बोटावर हिशेब मांडला. २००८ साली सुझलॉनचे शेअर होते दीडशे कोटींच्या आसपास. कर्ज फुगलं, कर्ज फेडायला, जिरवायला नवे शेअर काढत गेले. २०२४ मध्ये ते तेराशे कोटींच्या वर गेले. २०२४ च्या सप्टेंबरात भाव शहाऐंशीला पोहोचला तेव्हा भाव आणि शेअरांची संख्या गुणून बघ. चारशे साठच्या काळापेक्षा कंपनीचं एकूण मोल जास्त भरतं. "म्हणजे," पाटीलकाका म्हणाले, "तू ज्या शिखराची वाट बघतोस ते शिखर येऊन गेलंसुद्धा. भाव त्याच्या पाचव्या हिश्शाएवढाही नसताना."

भावोजी बाजूला बसून ऐकत होते. त्यांच्या रजिस्टरात शेअरांच्या संख्येचा रकाना नाही. कारखान्यात माणसं किती आली हे त्यांनी आयुष्यभर मोजलं, आणि इथे नेमकं तेच मोजायचं राहिलं! त्या रात्री त्यांच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत चालू होता. सकाळी मी पाहिलं, तर सुझलॉनच्या पानावर पट्टीने नवा रकाना आखलेला होता. वर शीर्षक: 'एकूण पटावर.' खाली कोरं.

लाभांशाचं नाव मात्र त्यांच्यापुढे काढायचं नाही. भाव जुळवताना तुकडे आणि बोनस धरतात, पण मधल्या वर्षांत कंपनीने हातावर ठेवलेले पैसे साध्या आलेखात दिसत नाहीत. एनटीपीसीसारखा शेअर भावाने वर्षानुवर्षं एका जागी बसलेला दिसतो, आणि तेवढ्यात ज्याच्याकडे तो आहे त्याच्या बँकेत दरसाल काहीतरी येत असतं. भावोजींचं मत: "ते ज्याच्याकडे आहेत त्याने बघावं. आपला अभ्यास भावाचा." खरी अडचण वेगळी आहे. न घेतलेल्या शेअरवर लाभांशही मिळालेला नसतो, आणि तो धरला तर हळहळीची बेरीज आणखी वाढते. एका माणसाने किती सहन करायचं?

ताईंचा ऊर्जा क्षेत्राचा अभ्यास स्वतंत्र आहे. दाराआडच्या खिळ्याला एक तार, तारेला टोचलेली विजेची बिलं, वर्षानुवर्षांची. कोणत्या महिन्यात किती युनिट, कुठल्या साली दर वाढला, फ्रिज बदलल्यावर किती उतरलं, सगळं त्यांना तोंडपाठ. त्या तारेवरून त्यांनी दोनदा चुकीचं बिल दुरुस्त करून आणलंय. भावोजींनी कौतुकाने विचारलं होतं, की हे सगळं रजिस्टरात उतरवू का. ताई म्हणाल्या, हात लावायचा नाही.

लाईट गेली की मात्र नाक्यावरचे टवाळ भावोजींना घेरतात. "भावोजी, आज महावितरण किती खाली?" ते गांभीर्याने सांगतात, की महावितरण ही सरकारी कंपनी, वीज मंडळाचे २००५ मध्ये भाग पडले त्यातून झालेली, तिचा शेअर बाजारात नाही. मग अंधारात क्षणभर थांबून म्हणतात, "असता तर आज 'गै' टाकला असता."

कल्याण पूर्वेचा प्रसंग तर आता मोहन्यात लहान मुलांनाही पाठ आहे. भावोजी कुणाच्या तरी तेराव्याला निघाले होते. स्टेशनबाहेर शेअर रिक्षावाला ओरडत होता, "टाटा पॉवर, पंचवीस! टाटा पॉवर, पंचवीस!" शीळ रस्त्यावरच्या टाटा पॉवर नाक्याची सीट. त्यात 'शेअर' रिक्षा. भावोजी जागच्या जागी थबकले. बरोबरच्याने सांगितलेली हकीकत अशी, की त्यांचा हात खिशाकडे गेला, चेहरा पांढरा पडला आणि ते म्हणाले, "पंचवीस? अरे, करोनातसुद्धा अठ्ठावीस होता!" रिक्षावाल्याला वाटलं घासाघीस चाललीय. "काका, शेवटचं वीस. बसा." भावोजी बसले. मोहन्यात सगळे म्हणतात, की आयुष्यात एकदाच त्यांना टाटा पॉवर पडत्या भावात मिळाला आणि त्यांनी तो ताबडतोब घेतला.

आणि हा जो अठ्ठावीस आहे, तो त्यांच्या रजिस्टरात पेन्सिलीने लिहिलेला एकमेव आकडा. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात सगळं बंद झालं आणि पेपर यायचेही बंद झाले. ज्या दिवसांत बाजार सगळ्यात खाली होता, ज्या दिवसांची भावोजींनी अकरा वर्षं वाट पाहिली होती, नेमक्या त्या दिवसांची पानं कोरी आहेत. रेघा आखलेल्या, तारखा घातलेल्या, रकाने मोकळे. नंतर भाच्याच्या मोबाईलवरून त्यांनी तो एक आकडा उतरवून घेतला. शाईने लिहिला नाही, कारण छापील पुरावा नाही. पण तेव्हापासून दुसरा कुठला भाव त्यांना भाव वाटत नाही. टाटा पॉवर दोनशे झाला, तीनशे झाला, २०२४ च्या सप्टेंबरात पाचशेला टेकत आला. भावोजी म्हणाले, "येईल. अठ्ठावीसला आला होता, म्हणजे त्याला वाट माहीत आहे."

गेल्या दिवाळीत भाच्याने हट्टाने त्यांचं अ‍ॅप पुन्हा चालू करून दिलं. मुहूर्ताचे सौदे, निदान एक शेअर तरी घ्या मामा, शकुनाचा. भावोजींनी चष्मा पुसला, टाटा पॉवर उघडला. चारशेच्या आसपास चालू होता. त्यांनी भावाच्या चौकटीत टाकले अठ्ठावीस आणि बटण दाबलं. ऑर्डर परत आली. पुन्हा दाबलं, पुन्हा परत. भाच्याने सांगितलं, चालू भावापासून इतक्या लांबची ऑर्डर बाजार घेतच नाही. साधारण दहा टक्के वर-खाली, एवढ्यातच लागते.

"म्हणजे गेटवरच अडवतात."

"हो."

"मग आत कसं जायचं?"

वर्षभर वाट बघणारी एक ऑर्डर असते, ती भाव लागला तरच बाजारात जाते, ती लावून देतो, असं म्हणत भाच्याने ती लावली. अठ्ठावीसला, एक नग. वर्षाने रद्द होईल, असं अ‍ॅपने बजावलं. भावोजींनी ती तारीख रजिस्टरात टिपली आणि पुढे लिहिलं, 'नूतनीकरण करणे.'

भाच्याला राहवेना. "मामा, अहो, कंपनीने बोनस देऊन २०११ सारखे पुन्हा एकाचे दहा केले ना, तरीसुद्धा तो चाळीसला येईल. अठ्ठावीसला नाही."

भावोजींनी पेन खाली ठेवलं. बराच वेळ हिशेब केला असावा.

"चाळीस?" ते म्हणाले. "मग थोडं थांबू."